"आणि परत?" : विकिव्हॉयेजबद्दल एका जुन्या कंट्रोलरचं मत

सातारा स्टँडवर चौकशीच्या खिडकीमागं माझी नोकरीची शेवटची एकोणीस वर्षं गेली. त्याआधी वाहक होतो. खिडकीशी आलेला माणूस कधीच विचारत नाही की कास बघण्यासारखं आहे का, किंवा सज्जनगडावर मनाला शांत वाटतं का. तो विचारतो, "कासला गाडी कधी?" उत्तर ऐकतो, चार पावलं जातो, हातातली पिशवी खाली ठेवतो आणि मागं वळून ओरडतो, "आणि परत, ओ?"

प्रवासाचं कुठलंही पुस्तक, साइट, ॲप हातात आलं की मी आधी हे "आणि परत" शोधतो. बहुतेक तिथंच नापास होतात.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. कोकणातल्या एका गावात जायचं ठरलं. मुलानं मोबाइलवर लॉज शोधून दिला, पाचपैकी साडेचारच्या वर तारे, खाली शंभरावर अभिप्राय. सगळे वाचले मी, सवयच आहे. समुद्र दिसतो, मालक प्रेमळ आहेत, सोलकढी अप्रतिम, सूर्यास्त तर विचारूच नका. शंभर माणसांतल्या एकानंही लिहिलं नव्हतं की लॉज स्टँडपासून चार किलोमीटर आहे, मध्ये चढ आहे आणि संध्याकाळी साडेपाचनंतर त्या बाजूला काहीही जात नाही. कारण ते शंभरच्या शंभर स्वतःच्या मोटारीनं आले होते. आम्ही दोघं एसटीनं. हिचा गुडघा तेव्हा फार दुखायचा. शेवटी मासळी उतरवून परत निघालेल्या एका टेंपोवाल्यानं पुढच्या सीटवर घेतलं. सूर्यास्त छान होता, पण तो आम्ही टेंपोतून पाहिला, आणि हिच्या साडीचा वास दोन धुण्यांनंतर गेला.

तेव्हापासून तारे मोजणं बंद.

विकिव्हॉयेज दाखवलं नातीनं. ती पुण्यात शिकते, सुट्टीला येते. म्हणाली, "आबा, हे विकिपीडियाच्या घरातलंच आहे, पण फक्त फिरणाऱ्यांसाठी. प्रवास केलेली माणसंच लिहितात. जाहिरात नाही, पैसे नाहीत." मी म्हटलं, फुकट लिहिणारा माणूस एक तर फार चांगला असतो नाही तर फार रिकामा. ती म्हणाली, "तुम्ही दोन्ही आहात."

उघडल्यावर पहिली गोष्ट आवडली ती मांडणी. कुठल्याही गावाचं पान घ्या, क्रम तोच. आधी गावाची थोडी ओळख. मग "गेट इन", म्हणजे यायचं कसं: विमानानं, रेल्वेनं, बसनं. मग गावात फिरायचं कसं. बघायचं काय, करायचं काय, हे त्यानंतर. मग खरेदी, खाणं, पिणं, झोपणं. आणि शेवटी "गो नेक्स्ट", इथून पुढं कुठं. ज्यानं कुणी हा क्रम ठरवला त्यानं आयुष्यात कधीतरी अनोळखी फलाटावर बॅग घेऊन रात्र काढलेली असणार. देवळाची महती नंतर, आधी देवळापर्यंत पोचव. आणि ते "गो नेक्स्ट" तर अगदी आमचंच: "ती गाडी गेली, आता कऱ्हाडची धरा, तिथनं मिळंल."

नुसतं वाचून मत देणं बरोबर नाही, म्हणून वापरून पाहिलं. हिला हंपी बघायची होती. साताऱ्याहून रेल्वेनं मिरज, मिरजेहून हुबळी, तिथून गदगवरून होस्पेट. पान वाचलं तेव्हाच मनात पक्कं झालं की हंपी हे एक देऊळ नव्हे, दगडांमध्ये पसरलेलं अख्खं शहर आहे, आणि मुक्कामाला, गाड्या बदलायला होस्पेट हाताशी आहे, तेरा किलोमीटरवर. पान मी छापून घेतलं. नात म्हणत होती मोबाइलमध्ये उतरवून घेऊ, नेट नसलं तरी उघडतं. तशी सोय आहे खरी. किविक्स नावाचं ॲप आहे, त्यात आख्खं विकिव्हॉयेज साठवून नेता येतं. ओएसएमअँड नावाच्या नकाशाच्या ॲपातही ते नेटशिवाय वाचता येतं. पण मला कागद लागतो. कागदावर पेननं खूण करता येते आणि कागदाची बॅटरी संपत नाही. झेरॉक्सवाल्यानं विचारलं, "कंट्रोलर, हे छापलेलं चालतं का?" चालतं. त्यांचा परवानाच तसा आहे. छापा, वाटा, विकासुद्धा, फक्त लिहिणाऱ्यांचं श्रेय द्या आणि पुढच्यालाही तीच मोकळीक ठेवा. असला मोकळेपणा मी एसटीच्या वेळापत्रकातही पाहिलेला नाही, ते आम्ही खिडकीच्या आत टांगायचो.

हंपीतला एक प्रसंग सांगतो म्हणजे मुद्दा कळेल. शेजारच्यांनी मोठ्या मायेनं एक जुनं प्रवासाचं पुस्तक दिलं होतं. त्यात लिहिलेलं, तुंगभद्रेच्या पलीकडं विरुपापूर गड्डीला राहा, स्वस्त आणि शांत आहे. आता, २०२० साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर तिथली हॉटेलं आणि लॉज पाडले गेले. छापील पुस्तकाला हे कोण सांगणार? ते बिचारं कपाटात बसून अजून पलीकडंच राहा म्हणतंय. ऑनलाइन पानाचं तसं नाही, निदान तसं असायला नको. विकिव्हॉयेजवर हॉटेल, खानावळ, देऊळ यांच्या नोंदीखाली बऱ्याच ठिकाणी शेवटचा बदल कोणत्या महिन्यात, कोणत्या साली झाला ते बारीक अक्षरात येतं. मी आधी ते बघतो, मग नोंद वाचतो. दुधाच्या पिशवीवर तारीख बघतो तसं. चार वर्षांपूर्वीची तारीख असली तर फोन केल्याशिवाय निघायचं नाही.

विठ्ठल मंदिराशी गाड्या लांब थांबवतात. तिथून देवळापर्यंत बॅटरीवरच्या गाड्या आहेत. गुडघेदुखीच्या माणसाला ही एक ओळ शंभर ताऱ्यांपेक्षा मोठी. ही त्या गाडीत अशी ऐटीत बसली होती की जणू कृष्णदेवरायानंच पाठवलीय. दगडी रथापुढं तिनं पर्समधून पन्नासची नोट काढली आणि नोटेवरचा रथ आणि समोरचा रथ ताडून पाहिला. तिथं सगळेच तसं करतात म्हणे.

आता या साइटच्या जन्माची भानगड थोडक्यात, कारण ती मला फार आवडली. २००३ साली विकिट्रॅव्हल नावानं असाच प्रकार सुरू झाला, प्रवाशांनी लिहायचं आणि प्रवाशांनीच दुरुस्त करायचं. २००६ साली तो एका कंपनीनं विकत घेतला. हे न रुचलेले जर्मन लेखक बाहेर पडले आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांनी विकिव्हॉयेज उभं केलं. मागून इटालियनही आले. २०१२ साली इंग्रजीत लिहिणाऱ्यांनीही बहुसंख्येनं तोच रस्ता धरला, विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशननं छप्पर दिलं आणि १५ जानेवारी २०१३ ला नवं दुकान रीतसर उघडलं. मजकूर बरोबर नेता आला, कारण परवाना मोकळा होता, वर सांगितला तोच. म्हणजे आमच्या भाषेत, चालक, वाहक, तिकिटाची पेटी आणि प्रवासी यांच्यासकट अख्खी गाडी दुसऱ्या आगारात लागली. जुन्या आगारात फलाट आणि पाटी राहिली. मध्ये कोर्टकज्जेही झाले, २०१३ च्या सुरुवातीला मिटले. आणि नव्या घरात जरा टेकतात तोवर जागतिक व्यापार संघटनेचं पत्र आलं, तुमचं बोधचिन्ह आमच्यासारखं दिसतं. ते त्याच वर्षी बदललं.

माझी एक परीक्षा आहे. कुठल्याही प्रवास-मार्गदर्शकावर विश्वास टाकण्याआधी त्यात आपल्या गावाचं पान वाचायचं. आपल्याला जे पाठ आहे त्यात तो किती चुकतो ते बघायचं. मग परक्या गावाबद्दल किती मानायचं ते आपोआप कळतं. साताऱ्याच्या पानात भर घालायला जागा भरपूर होती. मी नातीला म्हटलं, इथं रेल्वे स्टेशनचं नीट लिहायला पाहिजे. स्टेशन गावात नाही, माहुलीच्या अंगाला आहे, सहा-सात किलोमीटर. मुंबईहून येणारी महालक्ष्मी अपरात्री पोचते. त्या वेळी पाहुण्यानं काय करायचं? आणि रात्रीच्या ट्रॅव्हल्स बऱ्याचदा हायवेला वाढे फाट्यावर उतरवतात, स्टँडवर आणत नाहीत. हे लिही. ती म्हणाली, "तुम्हीच लिहा ना. हे बटण बघा."

आणि खरंच, बटण होतं. प्रत्येक नोंदीच्या शेजारी. दाबलं की छापील फॉर्मसारखे रकाने उघडतात: नाव, पत्ता, कसं जायचं, फोन, वेळ, दर, वर्णन. खातं काढलं नाही तरी चालतं. मला हे पचायला दोन दिवस गेले. आयुष्यभर खिडकीच्या आत बसलेल्या माणसाला कुणीतरी सांगतंय की बाहेर उभा असलेला कुणीही आत येऊन उत्तर देऊ शकतो. मी विचारलं, मग थापा मारणारे? ती म्हणाली, प्रत्येक बदलाची नोंद राहते, कोणी काय खोडलं ते दिसतं, आणि जगात कुठंतरी कुणीतरी जागं असतं.

ते खोटं नाही. आम्ही पेढ्यांबद्दल लिहिलं. साताऱ्याचे कंदी पेढे, खवा खरपूस भाजून केलेले, पांढरे नव्हेत, ही ओळ राहिली. पण मी माझ्या एका मित्राच्या दुकानापुढं "महाराष्ट्रात सर्वोत्तम" असं घालायला लावलं होतं. नात नको म्हणत होती. सकाळी बघतो तर ते शब्द गायब. वर्णन तसंच, नुसता हार काढून घेतलेला. शिवाय फोन नंबर त्यांच्या पद्धतीनं, देशाच्या क्रमांकासह, नीट लावून ठेवलेला. कोण होता माहीत नाही, पण माणूस जुन्या शिस्तीचा दिसतो. तिथं नियमच आहे: दुकानदारानं स्वतःचं दुकान घालायला हरकत नाही, पण ढोल वाजवायचा नाही. आणि एखादं ठिकाण वाईट असेल तर शिव्या देत बसायच्या नाहीत, बहुतेक वेळा ते यादीत घ्यायचंच नाही. आमच्याकडं लोकांना दोन्हीची सवय आहे, आरती किंवा शिमगा. मधलं काही नाही.

दुसरं भांडण "मी"वरून. मी सांगितलं, लिही: "मी एकोणीस वर्षं सांगत आलोय, बामणोलीहून परतीची शेवटची गाडी विचारल्याशिवाय बोटीत बसू नका." तिनं "मी एकोणीस वर्षं सांगत आलोय" काढून टाकलं. म्हणे तिथं मी-मी चालत नाही, विकिव्हॉयेज सगळ्यांचं मिळून एक आवाज आहे. माझा आवाज काढला पण गाडी ठेवली. हरकत नाही. बामणोलीची गाडी यवतेश्वराचा घाट चढून कासवरून जाते. पुढं शिवसागराच्या पाण्यातून वासोट्याला बोटी जातात. पोरं सकाळी जातात, किल्ला चढतात, थकून उतरतात आणि किनाऱ्यावर येऊन मग विचारतात, आणि परत?

तिसरं भांडण वेळेचं. मी सगळ्या फेऱ्या पाठ म्हणून दाखवल्या. नात म्हणाली, वेळा लिहिल्या आणि बदलल्या तर? तिचं बरोबर होतं. मलाच खिडकीत नवं वेळापत्रक पाठ व्हायला आठवडा लागायचा. मग आम्ही मिनिटं टाळली. कासला आणि ठोसेघरला साधारण पंचवीस-पंचवीस किलोमीटर, पण रस्ते दोन दिशांचे, दोन्ही एका दिवसात एसटीनं करायला जाऊ नका. कासला फुलांचा मोसम साधारण सप्टेंबर ते ऑक्टोबरची सुरुवात, त्या दिवसांत ऑनलाइन बुकिंग असतं, आधी करा. स्त्रियांना एसटीत निम्मं तिकीट, मार्च २०२३ पासून. या गोष्टी महिन्या-महिन्याला हलत नाहीत.

एका दुरुस्तीचा मात्र मला अभिमान आहे. लिंबगावची बारामोटेची विहीर. इंटरनेटवर कितीतरी ठिकाणी तिचं बांधकाम इसवी सन १६४१ ते १६४६ असं ठोकून दिलेलं आहे. तो शक आहे हो, शके १६४१ ते १६४६. म्हणजे इसवी सन १७१९ ते १७२४. वीरूबाई भोसल्यांनी बांधली, थोरल्या शाहू महाराजांच्या काळात. अठ्ठ्याहत्तर मिळवायचे विसरले आणि विहीर थेट शिवाजी महाराजांच्या लहानपणात नेऊन ठेवली. मी लहानपणी त्या विहिरीवर मोटेच्या खाचा मोजल्यात, मला राहवलं नाही. नातीनं आमच्या नोंदीत दोन्ही घातलं, शकही आणि सनही, म्हणजे पुढच्यानं "दुरुस्त" करायला नको. तिथं जाणाऱ्यांना एवढंच: अष्टकोनी आहे, खाली महाल आहे, पायऱ्या पावसाळ्यात निसरड्या होतात.

आता तक्रारी. मोठी तक्रार म्हणजे मराठी नाही. हिंदीत विकिव्हॉयेज आहे, बंगालीत आहे, मराठीत स्वतंत्र आवृत्ती नाही. दिवाळीच्या सुट्टीत फलाटावर पाय ठेवायला जागा नसते एवढी आमची माणसं फिरतात, अष्टविनायक करतात, काशी करतात, केरळ करतात, आणि घरी येऊन शेजाऱ्याला तासभर सांगतात. लिहीत कुणी नाही. माझ्यासारख्या इंग्रजी अडखळत वाचणाऱ्याला नात लागते किंवा मोबाइलचं भाषांतर. त्या भाषांतरानं एकदा "ड्राय डे" चा "कोरडा दिवस" केला आणि हिनं छत्री घरी ठेवली.

दुसरी, पानं सारखी नाहीत. मोठ्या शहरांची पानं भरगच्च, लहान गावांची नुसती चौकट. ते लोक हे लपवत नाहीत, हे मात्र मान्य. प्रत्येक पानाला दर्जा दिलेला असतो: नुसता आराखडा, वापरण्याजोगं, पूर्ण मार्गदर्शक, आणि अगदी वरचं म्हणजे तारांकित. वापरण्याजोगं म्हणायला किमान यायचा एक मार्ग, मुख्य बघायचं ठिकाण, खायला आणि राहायला काहीतरी एवढं हवंच. पानाच्या तळाशी हा शेरा असतो, तो आधी वाचा. कोकणातल्या त्या लॉजच्या पानावर असा शेरा असता तर ही बया टेंपोत बसली नसती.

तिसरी तक्रार खरं तर तक्रार नव्हे. फोटो कमी. रील बघून जागा ठरवणाऱ्यांना हे पान म्हणजे रेशनच्या दुकानातली पाटी वाटेल. मुलगा तसं म्हणालाच. त्याचं त्याला लखलाभ, त्याच्याकडं मोटार आहे.

आणि खाण्याच्या यादीत ते साधारण पाच ते नऊ नावं ठेवा म्हणतात, त्याहून लांब झाली तर छाटा किंवा वाटून टाका. मला हे पटतं. खिडकीवर एका माणसाला मी कधी तीनपेक्षा जास्त गाड्या सांगितल्या नाहीत. चौथी सांगितली की तो पहिली विसरतो.

तर, एसटीनं आणि रेल्वेनं फिरणारे, म्हातारी माणसं बरोबर असलेले, अनोळखी स्टँडवर रात्री उतरायची भीती वाटणारे, यांनी हे नक्की वापरावं. पैसे पडत नाहीत. नकाशावर अनुक्रमांक घातलेले असतात, तेच अनुक्रमांक मजकुरात असतात, म्हणजे तीन नंबरचं देऊळ सात नंबरच्या खानावळीशेजारी आहे हे कागदावर बोट ठेवून दाखवता येतं. मोटारवाल्यांनी नाही वापरलं तरी चालेल.

साताऱ्याच्या पानावर आमचं मेढा मार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या गाडीचं लिहायचं राहिलंय. वाई मार्गे सगळ्यांना ठाऊक असतं, मेढा मार्गे कुणी सांगत नाही. मी कागदावर मराठीत लिहून ठेवलंय, पाच ओळी. नात दिवाळीला येणार आहे.